वीसच्या नोटेवरची बाई

त्यांना सगळे उलटे म्हणत. ते काही आडनाव नव्हतं, कामावरून चिकटलेलं नाव होतं. नोटांच्या छापखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं पोलादाच्या प्लेटांवर अक्षरं, वेली, इमारती आणि माणसं कोरली, आणि सगळी उलटी कोरली. प्लेटवर उलटं असेल तेच कागदावर सुलटं उतरतं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की समोरच्या आरशात मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसायचं आणि ते घडाघडा वाचायचे.

"उलटे, तुमच्याशी आरशात बोलू की तोंडावर?" न्हावी विचारायचा.

"आरशातच बोल. तोंडावर तू थापा मारतोस."

घरी एकच माणूस, मुलगी. वय शेहेचाळीस. बसडेपोत चौकशीच्या खिडकीत बसून तिला बावीस वर्षं झाली होती, म्हणून तिला डेपोत, गल्लीत, वाण्याकडे, सगळीकडे चौकशी म्हणत. दिवसभर तीच तीच उत्तरं देऊन तिची जीभ आखूड झाली होती. विचारलेल्याचं तीन शब्दांत उत्तर, चौथा मागितलात तर डोळे वर. तिला नवरा होता, चार वर्षं. तो गेला कुठे असं कुणी विचारलं तर म्हणायची, "फलाट नंबर माहीत नाही."

तिची आई गेली तेव्हा ती दीड वर्षाची होती. दहा दिवसांचा ताप, अकराव्या दिवशी संपलं. नंतर उलट्यांची बहीण येऊन राहिली. तिनंच तिला वाढवलं, न्हाऊ घातलं, बदडलं, शाळेत सोडलं. आई कशी होती ते चौकशीला आत्याकडूनच कळलेलं, आणि तेही थोडकंच.

"उंच होती. जिना चढताना दोन-दोन पायऱ्या घ्यायची. टेलिफोन ऑफिसात होती ना, घरातसुद्धा कुणी हाक मारली की 'बोला' म्हणायची."

"आणि दिसायला?"

"दिसायला... माणसासारखी गं. उजव्या गालावर तीळ होता, मिरीएवढा. तू दूध पिताना तोच चिमटीत धरून बसायचीस. एकदा ओरबाडलास, रक्त आलं. तर हसली म्हणे, आता ही उपटूनच घेणार."

फोटो एकच होता, टेलिफोन ऑफिसच्या ओळखपत्रासाठी काढलेला. तो घरात नव्हता. चौदा वर्षांची असताना चौकशीनं सगळ्या ट्रंका उपसल्या, गाद्या उलगडल्या, कपाटाच्या तळाशी घातलेली वर्तमानपत्रं काढून झटकली. शेवटी बापापुढे जाऊन उभी राहिली.

"आईचा फोटो कुठाय?"

"घर बदललं तेव्हा हरवला."

तीन-चार शब्दांत उत्तर देण्याची रीत तिनं कुठून उचलली, हे वेगळं सांगायला नको. पुन्हा तिनं विचारलं नाही. पण वडलांच्या हातून काही हरवलं, किल्ली, चष्मा, छत्री, काहीही, की ती एवढंच म्हणायची, "ठेवत जा ना नीट." आणि ते मान खाली घालायचे. छत्रीसाठी माणूस इतकी मान खाली घालत नाही, पण ते तिच्या कधी लक्षात आलं नाही.

एका मंगळवारी सकाळी नोटांच्या संग्रहालयातली एक मुलगी आली. पंचवीस-सव्वीसची, खांद्याला पिशवी, पिशवीत हे एवढं जाड बाड. देशाच्या नोटांचा इतिहास लिहिला जात होता, पहिल्या नोटेपासून आजपर्यंतचा. चित्रं कुणी ठरवली, प्लेटा कुणी कोरल्या. जुनी वीसची नोट बाजारातून काढून घ्यायचं ठरलं होतं, तिच्या जागी नवी गुळगुळीत नोट येणार होती, म्हणून पुस्तकाची घाई. आणि जुन्या कोरक्यांपैकी जिवंत फक्त उलटे.

"काका, तुम्ही म्हणजे चालताबोलता इतिहास!"

"इतिहासाला आधी गोळ्या घेऊ दे," आतून चौकशी म्हणाली. तिची दुपारची पाळी होती, ती चहा टाकत होती.

मुलीनं बाड उघडलं. "ह्या अगदी पहिल्या. परदेशात छापून यायच्या."

"ह्यावर जहाज आहे," उलटे म्हणाले.

"सगळ्यांवर जहाजच आहे. छापणाऱ्यांना आपल्याकडचं तेवढंच माहीत होतं, त्यांचं स्वतःचं जहाज."

उलटे हसले. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी त्यांच्या विषयावर बोलत होतं. त्यांनी खिशातलं भिंग काढलं आणि खुर्ची पुढे ओढली. "आणि ही झाडवाली. ही मी लागायच्या आधीची. चेहरा कुणाचा घालायचा यावर समितीत सात महिने भांडण चाललं होतं म्हणे. शेवटी झाड घातलं. झाडाला नातेवाईक नसतात."

"नव्या नोटेवर पक्षी आहे, काका."

"पक्ष्याला पक्ष नसतो," आतून चौकशी.

मुलगी खळखळून हसली आणि पान उलटलं. तिथे ती होती. वीसची नोट, किरमिजी रंगाची, डाव्या हाताला धान्याची पेंढी कवेत घेतलेली बाई. त्या खेपेला समितीनं ठरवलं होतं की नोटांवर राबणारी माणसं घ्यायची. पाचवर कोळी, दहावर विणकर, वीसवर ही. कोळी आणि विणकर आठ-दहा वर्षांत बदलले. ही चव्वेचाळीस वर्षं टिकली. लोक त्या नोटेला बाईच म्हणायचे. "एक बाई मोडून दे." "खिशात एक बाई नाही आणि मिजास बघा." लग्नाळू पोरांची थट्टा व्हायची, आधी वीसची तरी सांभाळून दाखव म्हणून. ह्या थट्टा उलट्यांनी छापखान्यात ऐकल्या होत्या, रेशनच्या रांगेत ऐकल्या होत्या, स्वतःच्या मुलीच्या तोंडूनही ऐकल्या होत्या, आणि दर वेळी त्यांनी दुसरीकडे बघितलं होतं.

"ही तुमचीच ना?"

"चेहरा माझा. पेंढी दुसऱ्याची. मागची बारीक रेघांची जाळी यंत्राची."

"फाइलमध्ये 'काल्पनिक स्त्री' असं लिहिलंय." मुलगी लिहिता लिहिता बोलत होती. "ते जाणवतंच म्हणा. काम सुरेख आहे, पण चेहरा जरा कोरा वाटतो. सुरकुती नाही, खूण नाही. कोरणाऱ्यानं मनानं काढलाय हे कळतं."

तीस वर्षं कामावर आणि चौदा वर्षं घरी ज्या माणसानं तोंडाला कुलूप घातलं होतं, त्याला एवढं एक वाक्य झोंबलं. कारागिराला वाईट म्हटलेलं चालतं, मनानं काढलं म्हटलेलं चालत नाही.

"मनानं? कोण म्हणतं मनानं? डाव्या गालावर तीळ होता तिच्या! मी कोरला होता, सात टिंबांत. मी हसरी कोरली होती तिला. त्यांनी काढायला लावलं सगळं."

कपबशा वाजल्या. चौकशी दारात ट्रे घेऊन उभी होती.

"कुणाच्या गालावर?"

उलटे भिंग पुसायला लागले.

"बाबा, मी विचारतेय. कुणाच्या गालावर तीळ होता?"

संग्रहालयातली मुलगी एकदा ह्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली. चौकशीनं ट्रे खाली ठेवला, दारामागच्या आपल्या पिशवीत हात घालून पाकिटातून एक वीसची नोट काढली आणि वडलांच्या भिंगाखाली सरकवली.

"ही आई आहे?"

"...हो."

"बावीस वर्षं खिडकीतून पासाचे पैसे म्हणून ह्या नोटा घेतेय मी. थुंकी लावून मोजल्यात. फाटकी असली तर तोंडावर फेकलीय लोकांच्या. तुम्ही सांगितलं नाहीत."

"सांगायचं नसतं. शपथ होती. खऱ्या माणसाचा चेहरा घ्यायचा नाही असा नियमच होता, समजलं असतं तर नोटच..."

"आत्या उजव्या गालावर म्हणायची."

"आँ?"

"तीळ. आत्या म्हणायची उजव्या."

"तुझ्या आत्याला काय कळतं! आठ महिने मी तो चेहरा रोज बघितलाय. डाव्या."

चौकशीनं भिंग बाजूला सारलं. नोट उचलून तिनं खिडकीशी नेली, उजेडात धरली. चव्वेचाळीस वर्षं सगळा देश जिला ओळखत होता तिच्यात तिला ओळखीचं काही सापडेना. ह्या बाईच्या गालाला चिमटा काढावासा कुठल्याच पोराला वाटला नसता.

"ही नाही आई," ती म्हणाली. "हे नोटेचं तोंड आहे."

संग्रहालयातल्या मुलीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ताई, एक सांगू? नापास झालेली प्रूफं आमच्याकडे आहेत. बाईची तीन. पहिलं प्रूफ म्हणजे... काका म्हणतात तसं असेल तर त्यात अजून काही बदललेलं नसेल. तसं बाहेरच्यांना दाखवत नाहीत. पण काकांनी ओळख पटवायची म्हणून मी परवानगी काढू शकते."

"कधी?"

"गुरुवारी. अकरा वाजता."

"गुरुवारी रजा टाकते," चौकशी म्हणाली. बावीस वर्षांतली तिची ती सहावी रजा.

मधल्या एका दिवसात उलट्यांनी ती हकीकत सांगितली. एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं. अर्धी जेवताना, अर्धी भांडी विसळणाऱ्या तिच्या पाठीला.

बायको जाऊन दोन महिने झाले होते. समितीनं कलाशाळेतून आलेलं चित्र परत पाठवलं, चेहऱ्यात जीव नाही म्हणून. मोठे साहेब म्हणाले, चार दिवसांत नवा चेहरा धरून कोरायला घ्या, कुठूनही आणा. उलटे तेव्हा तिशीचे, कोरक्यांत सगळ्यात धाकटे. घरी दीड वर्षाची पोर रडत होती, बहीण तिला फिरवत होती. त्यांनी तो फोटो डब्याच्या झाकणात लपवून आत नेला.

"लपवून का?"

"आत नेलेला कागद बाहेर येत नाही, असा नियम. पेन्सिलीचे तुकडेसुद्धा फाटकावर मोजायचे. नोंदवून नेला असता तर कुणाचा म्हणून विचारलं असतं."

"मग?"

"मग आरशापुढे ठेवला. आमचं असंच काम. फोटो आरशाकडे तोंड करून ठेवायचा आणि आरशात बघून कोरायचं. म्हणजे आपोआप उलटं उतरतं."

आठ महिने ते तिच्यासमोर बसले. भिंग डोळ्याला, कोरणी मुठीत. ओठाच्या कडेला एक रेघ, श्वास रोखून, मग दुसरी. पुरुषाला रडायला तशी जागा कुठली. त्यांना ती मिळाली होती आणि वर पगार मिळत होता. पहिलं प्रूफ निघालं तेव्हा मोठे साहेब बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही बाई आता बोलेल." समिती म्हणाली, हा तीळ शाईचा डाग वाटतो, लोक नोट खोटी समजतील. तीळ काढा. पोलादावरचं खोडता येत नाही. प्लेट मागून ठोकून तेवढी जागा वर आणायची, घासून गुळगुळीत करायची, पुन्हा कोरायची. त्यांनी ठोकली. दुसऱ्या वेळी समिती म्हणाली, ही हसते कशाला? सरकारी नोट आहे. त्यांनी ओठ ठोकले. तिसऱ्या वेळी म्हणाले, डोळे जरा वर उचला, दूर कुठेतरी बघतेय असं वाटू द्या, देशाकडे. त्यांनी डोळे ठोकले.

"आणि फोटो?" चौकशीनं नळ बंद केला. "आत नेलेला कागद बाहेर येत नाही. मग तो आतच असेल की."

उलट्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. "असेल," ते म्हणाले. "कुठेतरी असेल."

तिनं मागे वळून बघितलं. चौदाव्या वर्षी ट्रंका उपसताना जसं तोंड झालं असेल तसं तिचं तोंड झालं होतं, शेहेचाळीसाव्या वर्षी. उलट्यांना तेव्हाच बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "पाणी कोमट आहे आज."

गुरुवारी बसमध्ये ती खिडकीशी बसली, ते शेजारी. कंडक्टर तिच्या ओळखीचा.

"काय चौकशी, आज गिऱ्हाईक होऊन? कुठं निघालात?"

"आईला भेटायला."

कंडक्टर हसणार होता, पण तिचं तोंड बघून त्यानं तिकिटाचं यंत्र उगाचच दोनदा दाबलं आणि पुढे सरकला.

जुना छापखाना आता बंद होता, नवा शहराबाहेर गेला होता. जुन्याच्या तळघरात दप्तर ठेवलं होतं. खाली उतरताना उलट्यांचा हात भिंतीवरून चालला होता; पायऱ्या किती ते पायांना माहीत होतं. खाली लोखंडी कपाटांच्या रांगा, एक लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक कपाटवाला. त्याला सर्दी झाली होती.

"पंधरा मिनिटं," तो म्हणाला. "फोटो काढायचा नाही. पेन चालणार नाही. प्रूफाला हात लावायचा तर मोजे."

"आणि शिंकायचं?" चौकशीनं विचारलं.

"ते मला चालतं. तुम्हाला नाही."

संग्रहालयातल्या मुलीनं मोजे दिले. "कितव्या पाकिटात आहे ते आधी बघावं लागेल. सगळं रजिस्टरमध्ये आहे. एक मिनिट हं, ताई." तिनं कापडी पाठीचं एक रजिस्टर उघडलं आणि बोट खाली खाली नेलं. "वीस... वीसची... हं. 'प्रूफे तीन, रद्द, पाकीट एकोणीस.' आणि त्याच्याच खाली..." तिचं बोट थांबलं. मग तिनं ते पटकन पुढच्या ओळीवर नेलं.

चौकशी खिडकीतून लोकांच्या हातातले कागद उलटे वाचायला शिकली होती. टेबलाच्या पलीकडून तिनं ती ओळ वाचली. मोठ्यांदा वाचली, डेपोत गाडीची घोषणा करावी तशी.

"'छायाचित्र एक. अनोळखी स्त्री. जाळले. साक्षीदार.'"

साक्षीदारांच्या तीन सह्या होत्या. तिसरी तिला ठाऊक होती. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर तीच होती, तिच्या लग्नाच्या दाखल्यावरही.

"तुम्ही उभे होतात तिथं?"

उलट्यांनी टेबलाची कड धरली. "काम संपल्यावर खण तपासायचे. माझ्या खणात सापडला. साहेबांनी विचारलं, कुणाचा हा? माझा म्हटलं असतं तर नोट रद्द झाली असती. एवढ्या प्लेटा... नोकरी गेली असती, वर खटला. तू अडीच वर्षांची. बहीण घरी."

"मग काय म्हणालात?"

"काही नाही म्हणालो."

"काही नाही कसं? इथं लिहिलंय ना. अनोळखी. हे कुणाच्या मनानं लिहिलं?"

कपाटवाल्यानं किल्ल्या खाली ठेवल्या. संग्रहालयातल्या मुलीनं मान खाली घातली.

"साहेबांनी विचारलं, ओळखता का हिला," उलटे म्हणाले. त्यांचा आवाज तळघरात नीट उमटलाच नाही. "मी मान हलवली."

"कशी? हो अशी की नाही अशी?"

त्यांनी मान हलवून दाखवली. चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा एकदा, तशीच, डावीकडून उजवीकडे.

चौकशी बसली. मोजे घातलेले हात तिनं टेबलावर ठेवले, तळवे खाली.  मग म्हणाली, "मिनिटं चाललीत. दाखवा."

पाकीट एकोणीसमधून तीन कागद निघाले. मुलीनं पहिला हिरव्या कापडावर ठेवला आणि मागे सरकली. उलट्यांनी भिंग काढलं, पण हात पुढे गेला नाही. ते आहेत तिथूनच वाकून बघू लागले.

चेहरा काडेपेटीएवढा. काळ्या शाईत, नुसता चेहराच. पेंढी नाही, जाळी नाही, आकडा नाही. केस मागे घेतलेले, एक बट सुटलेली. आणि उजव्या गालावर, सात टिंबांचा, तीळ.

उजव्या.

उलट्यांनी स्वतःच्या गालाला हात लावला, आधी डाव्या, मग उजव्या. तिच्या समोर उभं राहून बघत असावं तसं त्यांनी मनाशी फिरवून बघितलं. आरशातली ती, प्लेटवरची ती, दोघींच्या डाव्या गालावर तीळ. जिच्याशी तीन वर्षं संसार केला तिच्या नव्हता. आठ महिन्यांत त्यांनी तिला उलटं पाठ केलं होतं आणि नंतर कुणीही आयुष्यभर ते तपासलं नव्हतं. आत्या एकदा म्हणाली होती, उजव्या. ते तिच्यावर खेकसले होते.

पण चौकशी तिळाकडे बघत नव्हती.

"ही भोकं कसली?"

नापास झालेलं प्रूफ कुणी पळवून वापरू नये म्हणून यंत्रात घालून त्यावर भोकं पाडत. बारीक भोकांनी लिहिलेलं एका शब्दाचं फर्मान, रद्द. ते बरोबर मधोमध पडायचं, आणि मधोमध चेहरा. एक रांग डाव्या डोळ्यातून गेली होती. दुसरी ओठांवरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तिथे कागदच नव्हता, खालचं हिरवं कापड दिसत होतं.

"दुसऱ्या दोन्हींवर?" चौकशीनं विचारलं.

"त्यांवरही," मुलगी म्हणाली. "आणि त्यांत तीळ..."

"ती नको."

ती पुढे वाकली. नाक कागदाला टेकेल एवढी. "बाबा."

"हं."

"इथं ओठ कसे होते? तुम्ही म्हणालात हसरी कोरली. कशी हसायची? दात दिसायचे? एका बाजूनं हसायची की दोन्ही?"

उलट्यांनी डोळे मिटले. त्यांना ओठ आठवले, अगदी रेघ न् रेघ, कुठे कोरणी खोल गेली, कुठे उचलली. सरळ, मिटलेले, गंभीर ओठ. नोटेवरचे. त्यांनी ते बाजूला सारले आणि खाली दुसरे शोधले. जिना, दोन-दोन पायऱ्या, 'बोला' म्हणणारा आवाज, हे सगळं होतं. आवाजाच्या वर तोंड नव्हतं. असलंच तर ते दूर कुठेतरी बघत होतं.

"सांगा ना. तुम्हीच कोरलेत."

इथे काहीही सांगता आलं असतं. एका बाजूनं, म्हटलं असतं तर तिनं आयुष्यभर तेच धरलं असतं. तपासणारं कुणी उरलं नव्हतं. 

"मला नाही आठवत," ते म्हणाले. "मी ते ठोकून काढलं. नंतर जे कोरलं तेच दिसतं आता. ती नाही दिसत."

चौकशीनं मान वर केली नाही. तिनं मोज्यातलं एक बोट भोकांच्या रांगेवर धरलं, डोळा झाकला गेला. मग काढलं. मग ओठांवर धरलं. मग दोन्ही हात मांडीवर घेतले आणि नुसती बघत बसली. कपाटवाला शिंकला, दोनदा, तोंड भिंतीकडे करून.

"वेळ झाली," तो म्हणाला. मग घड्याळाकडे न बघताच म्हणाला, "बसा अजून पाच मिनिटं. माझं घड्याळ पुढे आहे."

पाच मिनिटांनी तिनं स्वतःच मोजे काढले आणि घडी करून ठेवले. मुलीनं कागद पाकिटात घातला. "ताई, पुस्तकात 'काल्पनिक' काढून नाव घालता येईल," ती हळूच म्हणाली. "काकांनी लेखी दिलं तर."

"काल्पनिकच राहू दे," चौकशी म्हणाली. "नोटेवर आहे ती काल्पनिकच आहे."

बाहेर ऊन होतं. थांब्यावर बाकावर एकच माणूस मावेल एवढी सावली होती. चौकशीनं वडलांना तिथे बसवलं आणि स्वतः उन्हात उभी राहिली, डोळे मिटून. गाडीला अवकाश होता, किती ते तिला बोर्ड न बघता माहीत होतं. उलटे तिच्याकडे बघत होते. उन्हात डोळे मिटलेली, बट सुटलेली. चेहऱ्यात काही सापडतंय का म्हणून ते बघत होते. त्यांना वाटलं काहीतरी बोलावं, एवढं तरी द्यावं.

"नाक मात्र..." ते म्हणाले, "नाक तिचं..."

"बाबा, गप्प बसा." तिनं डोळे उघडले नाहीत. आवाजात राग नव्हता, नुसती घाई होती. "मी लक्षात ठेवतेय. तुम्ही बोललात की पुसतं."

ते गप्प बसले. गाडी आली, दार उघडलं, लोक चढले. ती अजून डोळे मिटूनच उभी होती. कंडक्टरनं विचारलं, येताय का. उलट्यांनी तोंडातून शब्द न काढता त्याला हातानंच सांगितलं, जा.